धुतल्याशिवाय सुई नाही

१

कव्हर जागेवर होतं, आतली रेकॉर्ड नव्हती. एवढ्यासाठी मला आरामखुर्चीतून उठवून, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन बस बदलायला लावून, माझ्या साडूच्या तिसऱ्या मजल्यावर आणून उभं केलं होतं. लिफ्ट बंद होती, हे सांगायलाच नको.

मी तेहेतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. जळलेली गोदामं, गायब झालेले दागिने, फक्त कागदावर फुटलेली यंत्रं, सगळं पाहिलं. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता समोरचा कितीही खोटं बोलला तरी आपण मान डोलवायची आणि चहा प्यायचा. पण मेव्हणीचा फोन आला. माझी बायको गेल्यापासून या तिच्या धाकट्या बहिणीने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "भावोजी, तुम्हीच या. तुम्ही शोधून काढाल," एवढंच म्हणाली. आवाज अगदी बहिणीसारखा. नाही कसं म्हणणार?

साडू त्याच्या खोलीत बसला होता. खोली म्हणजे काय, चार भिंती आणि त्यांना टेकून उभ्या अकराशे चाळीस रेकॉर्डी. रॉक, सोल, ब्लूज. आम्हाला सगळं सारखंच, पण आमच्या साडूला कुठलीही रेकॉर्ड डोळे मिटून काढता येते. प्लेअरच्या वर त्याने स्वतःच्या सुबक अक्षरात पाटी लावली होती : 'धुतल्याशिवाय सुई नाही.' खाली त्याचं धुण्याचं सामान : ब्रश, मऊ फडक्यांची घडी, आणि पाणी नि स्पिरिट निम्मं-निम्मं मिसळलेली बाटली. एवढी स्वच्छता मी दवाखान्यातही पाहिलेली नाही.

"अकराशे चाळीसमधली एक गेली," मी बसत म्हटलं, "तर एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"एक?" तो उसळला. "अहो, ती एकच होती. बाकीच्या सगळ्या तिच्यानंतर आल्या."

ती रेकॉर्ड एका घोगऱ्या आवाजाच्या बाईची होती. ऐंशी वर्षांपूर्वीचा ब्लूज. साडूने लग्नाच्या वर्षी पहिल्या पगारातून घेतलेली. गेली बावीस वर्षं त्याने ती वाजवलेली नव्हती, कारण वाजवली की झिजते. महिन्याच्या पहिल्या रविवारी कव्हरातून काढायची, बघायची, पुन्हा ठेवायची. या रविवारी कव्हर उघडलं, तर आत हवा.

"चोर कोण ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त पुरावा काढा."

"कोण?"

"मिस्त्री."

मिस्त्री म्हणजे लाकडाला पॉलिश करणारा त्याचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. त्या खोलीतलं एकूण एक फडताळ मिस्त्रीच्या हातचं होतं. साडूच्या लग्नात अंगठी विसरली तेव्हा ती आणायला पळाला तोही मिस्त्रीच.

"शुक्रवारी मी पोलिसांत जाणार," साडू म्हणाला, "आणि खाली बिल्डिंगच्या फळ्यावर नोटीस लावणार. या बिल्डिंगमधल्या बावीस घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. लोकांना कळायला नको?"

त्या दिवशी बुधवार होता. मिस्त्रीचं नाव मातीत जायला दोन दिवस उरले होते.

२

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. "आणि रडू नका, मला ऐकू येत नाही."

गेल्या गुरुवारी साडू सकाळी डोळे तपासायला दवाखान्यात गेला, तो चारला परतला. त्या दिवशी मिस्त्री नव्या फडताळाला शेवटचा हात मारायला येणार होता. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली साडूच्या खिशात असते. त्या दिवशी ती बायकोकडे ठेवली होती, मिस्त्रीला द्यायला. संध्याकाळी किल्ली परत साडूच्या खिशात आली. पॉलिश वाळेपर्यंत तीन दिवस खोली बंद ठेवा, असं मिस्त्रीनेच सांगितलं होतं. म्हणून साडूने दार उघडलं ते थेट रविवारी.

"मिस्त्रीशिवाय आणखी कोण आलं होतं?"

"आधल्या रविवारी तो दुकानदार आला होता. जुन्या रेकॉर्डी विकतो. दहा वर्षं झाली, 'ती मला द्या' म्हणून मागे लागलाय. पण त्यानंतर मी स्वतः तिची जागा पुसली होती, तेव्हा ती कव्हरात होती. म्हणजे चोरी गुरुवारचीच."

"आणि घरातलं कुणी?"

"घरात कोण? मुलगा परदेशात. ही आहे, पण ही खोलीत येत नाही."

तो औषध घ्यायला गेला. मी एकटाच खोलीत उरलो. धूळ नसलेल्या खोलीत तपास करणं म्हणजे शिक्षाच. प्लेअर पाहिला. वेगाचं बटण अठ्ठ्याहत्तरवर होतं, शेजारी एक चिमुकली डबी उघडी, आत एक सुई. असेल काहीतरी त्यांचं तंत्र, म्हणून मी सोडून दिलं. चष्म्याला डाग पडला होता म्हणून घडीतलं एक फडकं ओढलं, तर ते खळ घातल्यासारखं कडक. काच चरचरली. दुसरं घेतलं, ते मऊ होतं. एवढ्या टापटिपीच्या माणसाचं एक फडकं असं कसं, असं मनात आलं आणि गेलं. म्हातारपणी बरंचसं असंच येतं आणि जातं.

जेवायला बोलावणं आलं. स्वयंपाकघरात टेबल मांडलं होतं. मेव्हणी एकटी धावपळ करत होती, तिला मदत म्हणून मी ताटांच्या मांडणीकडे वळलो.

"राहू द्या!" ती एवढ्या जोरात ओरडली की साडूने मान वर केली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही बसा हो भावोजी, मी देते."

तिची बोटं ताटावर टेकलेली होती. नखांच्या कडांना काळपट तपकिरी रेघ होती. चूल नाही, कोळसा नाही, मग हे काय, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात साडू म्हणाला, "पाणी," आणि ती पाणी आणायला उठली.

३

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. बाहेर दोन खुर्च्या उलट्या टांगलेल्या, आत स्पिरिटचा वास. इतका की बसल्याबसल्या माणूस झिंगावा.

"या," तो म्हणाला. "मीच घेतली असं ठरलंय, असं ऐकलं."

"ठरलंय कुठे? मी आलोय ना."

"त्याने सोमवारी इथे येऊन, गिऱ्हाइकासमोर मला चोर म्हटलं." तो हातातलं काम थांबवत नव्हता. चाळीस वर्षांच्या दोस्ताबद्दल बोलत होता, पण नजर खुर्चीच्या पायावर. "मी म्हटलं, मी नाही घेतली. आणखी काय म्हणणार? काल दोन घरांनी आपल्या किल्ल्या परत मागून घेतल्या. नम्रपणे मागितल्या हं, चहा पाजून. पण मागितल्या."

मला वाईट वाटलं आणि मग राग आला. साडूचाही आला आणि मिस्त्रीचाही. अरे, माणसाने जरा आरडाओरडा तरी करावा!

"गुरुवारी काय झालं?"

"बारापर्यंत काम संपलं. कुलूप लावलं, किल्ली वहिनींच्या हातात दिली. नेहमीसारखी."

"प्लेअरला हात लावलात?"

"चाळीस वर्षांत नाही. तो लावू देत नाही. सुई कुठल्या बाजूने बसते तेसुद्धा मला ठाऊक नाही." त्याने भांड्यात बोट बुडवलं. "मला एवढंच कळतं. लाखेचे तुकडे घ्यायचे, स्पिरिटमध्ये टाकायचे, विरघळले की लाकडावर चढवायचं."

चढवायला त्याच्याकडे कापसाची, फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. काम होताच ती त्याने झाकणाच्या बरणीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

"एवढी जपता?"

"उघडी राहिली तर स्पिरिट उडतं, लाख मागे राहते. मग फडकं असं होतं, बघा." कोपऱ्यातली एक जुनी पुरचुंडी त्याने टेबलावर आपटली. ठक्क असा आवाज आला. "आणि बोटांना लागली तर साबणाने हटत नाही. आठवडाभर मिरवा."

मी त्याच्या नखांकडे पाहिलं. काळपट तपकिरी रेघ. ही मी कुठेतरी पाहिली होती, दुपारीच पाहिली होती. पण लाखेचा आणि त्या घराचा संबंध काय? त्या घरात पॉलिश करणारा माणूस तर हा एकच.

"मिस्त्री, तुम्हाला काही माहीत आहे का?"

त्याने खुर्चीचा पाय पुन्हा एकदा पुसला. "मला माझं काम माहीत आहे," शेवटी म्हणाला आणि दुसरी खुर्ची पुढे ओढली. हा माणूस खोटं बोलत नव्हता, पण काहीतरी गिळून बसला होता.

४

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी दुकानदाराकडे गेलो. आणखी एक बस. तळघरातलं दुकान, खोक्यांत उभ्या रेकॉर्डी, आणि त्या बोटांनी पुढे-मागे करणारी तीन-चार गंभीर माणसं. दुकानदार गळ्यात भिंग अडकवून बसला होता.

"मी चोरली?" तो हसला. "काका, मी चोरली असती तर कव्हरासकट चोरली असती. कव्हराशिवाय तिला विचारतो कोण? ज्याने कव्हर मागे ठेवलं, त्याला रेकॉर्ड जमवण्यातलं ओ का ठो कळत नाही."

हे पटण्यासारखं होतं. जाता जाता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "प्लेअरवर अठ्ठ्याहत्तर कशासाठी असतं हो?"

"जुन्या रेकॉर्डींसाठी. त्या जास्त वेगाने फिरतात. आणि सुईसुद्धा वेगळी, जाड लागते. नेहमीची काढून डबीत ठेवायची, जाड बसवायची, मग वाजवायची. आताच्या रेकॉर्डी व्हिनाइलच्या, प्लॅस्टिकच म्हणा. पडली तर उचलून घ्या. ती जुनी पडली तर झाडू आणा."

"का? ती कशाची असते?"

"लाखेची," दुकानदार म्हणाला. "पूर्वी सगळ्या लाखेच्याच करायचे."

मी खाली बसलो. एक स्टूल होतं म्हणून बरं, नाहीतर रेकॉर्डींवरच बसलो असतो. त्याने पाणी दिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गुडघे."

गुडघे कसले! घरात शिरल्यापासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं होतं. त्यातल्याच फडक्याने मी चष्मासुद्धा पुसला होता.

५

दुपारी साडू पडला होता. मेव्हणी स्वयंपाकघरात होती. मी सरळ ताटांच्या मांडणीकडे गेलो.

"तुम्ही बसा, मी..."

"आज माझं ताट मी घेणार," मी म्हटलं.

ती बाजूला झाली. चौथ्या आणि पाचव्या मोठ्या ताटाच्या मधे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ताटाएवढंच काहीतरी उभं होतं. जागा अचूक निवडली होती. आमच्या साडूने अख्ख्या संसारात स्वतःचं ताट स्वतःच्या हाताने घेतलेलं नाही. साऱ्या घरात तो न चुकता जिथे बघणार नाही अशी हीच एक जागा.

मी कागद उघडला. रेकॉर्डीची चकाकी गेली होती. अर्ध्याहून जास्त भाग राखाडी पडला होता, त्यावर ब्रशाचे फराटे वाळून बसलेले आणि कडेला अंगठ्याचा एक स्पष्ट ठसा.

"चोराला गाणं ऐकायचं नसतं," मी बसून हळू आवाजात म्हटलं. मला त्यात उत्साह नव्हता, पण तेहेतीस वर्षांची सवय जात नाही. "या चोराने आधी जाड सुई बसवली, वेग अठ्ठ्याहत्तरवर नेला. म्हणजे त्याला ती ऐकायची होती. मग घरचा नियम पाळला : धुतल्याशिवाय सुई नाही. बाटलीतलं स्पिरिट ओतलं, ब्रश फिरवला. लाख सुटली, फडक्यात आली, वाळून कडक झाली. मिस्त्री असं करणार नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते यावरच तो पोट भरतो. दुकानदाराला ती कशाची हे ठाऊक, नवऱ्याला तर ठाऊकच. उरला असा माणूस, ज्याने सुई बदलणं, धुणं, सगळं वर्षानुवर्षं दारातून पाहिलंय, पण ज्याला कुणी कधी काही सांगितलेलं नाही. खोलीत पॉलिशचा वास होताच, त्यात हा वास मिसळून गेला. किल्ली बारापासून चारपर्यंत तुझ्याकडे होती."

ती माझ्यासमोर बसली. नखं मुठीत दडवली नाहीत.

"लग्नानंतर दर रविवारी सकाळी ती लागायची," ती म्हणाली. "मला त्यातला एक शब्द कळत नाही. पण ती बाई मधेच थांबते आणि हसते, ते मला आवडायचं. मग यांना कुणीतरी सांगितलं, वाजवली की झिजते. झालं, बंद. मी दोनदा मागितली. नाही म्हणाले. मग मागणं सोडलं. गेल्या गुरुवारी मिस्त्रींनी किल्ली हातात दिली आणि घरात कुणी नव्हतं. वाटलं, एकदाच. नीट धुऊन, त्यांच्यासारखीच." ती थांबली. "हाताला चिकटायला लागली भावोजी. मी जितकी पुसली तितकी ती गेली."

"मिस्त्रीचं नाव आलं तेव्हा तरी बोलायचंस."

"रोज ठरवत होते. तोंडच उघडेना. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, तुम्हीही नाही विचारलंत." हे खरं होतं आणि मला लागलं. "मला सांगता येईना, म्हणूनच तर शोधणारा माणूस बोलावला."

इतक्या वर्षांत दाव्यांच्या किती फायली हातावेगळ्या केल्या, पण गुन्हेगारानेच मला बोलावून घेतल्याची ही पहिलीच वेळ.

"मी सांगू त्याला?"

"नको. आधी मिस्त्रींना बोलवा," ती उठत म्हणाली. "त्यांचं नाव त्यांच्यादेखत गेलं. त्यांच्यादेखतच परत यायला पाहिजे."

६

मिस्त्री आला तो दारातच उभा राहिला. साडू त्याला बघून ताडकन उठला. "याला कशाला आणलंत?"

मेव्हणी दोघांच्या मधून खोलीत शिरली आणि रेकॉर्ड टेबलावर ठेवली. "मी केलं," ती म्हणाली. "वाजवायला काढली, आधी धुतली. मिस्त्रींनी काही घेतलं नाही."

साडूने रेकॉर्ड उचलली, उजेडाकडे धरली. आता हा रडतो की मारतो, मला समजेना.

"स्पिरिट?" तो ओरडला. "लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट? एवढंही कळत नाही तुला?"

"कोण सांगणार होतं मला?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही भिंतीवर लिहून ठेवलंत, ते मी केलं."

साडूने पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं. मग खुर्चीत बसला आणि एकदम म्हातारा दिसू लागला. मला त्याची दया आली, हे कबूल करायला हवं.

"मिस्त्री," मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"गेल्या शुक्रवारी माझा पॉलिशचा डबा न्यायला आलो होतो. वहिनींनी दारात चहा दिला, तेव्हा नखं दिसली. काय ते कळलं नाही, पण लाख ओळखली. सोमवारी हा ओरडत आला तेव्हा दोन्ही जुळलं."

"आणि गप्प बसलास?" साडूचा आवाज फुटला. "मी तुला चोर म्हणत होतो, आणि तू गप्प?"

"लोक किल्ल्या देतात मला," मिस्त्री म्हणाला. "घरात दिसलेलं बाहेर बोललो, तर उद्या किल्ली कोण देईल?"

साडू उठला. मिस्त्रीपाशी गेला आणि त्याचा खांदा धरून उभा राहिला. "चुकलो रे," शेवटी म्हणाला. "आत्ता निघतो. बावीसच्या बावीस दारं. चोर म्हटलं तेवढ्याच मोठ्याने सांगतो. त्या गिऱ्हाइकालाही."

"जाशील. आधी बस जरा. पायात चप्पल नाही तुझ्या."

साडू बसला नाही. त्याने ती रेकॉर्ड घेतली, प्लेअरवर ठेवली, न धुता. जाड सुई गेल्या गुरुवारपासून बसवलेलीच होती.

"अरे, खडबडीत झालीये ती," मिस्त्री म्हणाला. "सुई जाईल."

"जाऊ दे," साडू म्हणाला आणि सुई टेकवली.

आधी नुसती खरखर, पत्र्यावरून खडी ओढल्यासारखी. साडूचे डोळे मिटलेले. मेव्हणी दारातच उभी होती, बावीस वर्षं जिथून बघत होती तिथेच. तो वळला, आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बस. मी चहा आणतो."

आम्ही तिघेही त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. तो खरंच स्वयंपाकघरात गेला.

शेवटाकडे, जिथवर ब्रश पोहोचला नव्हता, तिथे खरखरीच्या खालून बाईचा आवाज आला. घोगरा, दूरचा. दोन ओळी गायली, थांबली आणि हसली. मेव्हणीही हसली. मला माझ्या बायकोची आठवण झाली आणि ती मी येऊ दिली.

आतून भांड्यांचा मोठा आवाज झाला. "अगं," साडूने विचारलं, "कप कुठे असतात?"

मी उठू लागलो, तर मेव्हणीने माझा हात धरला.

"शोधू दे त्यांना," ती म्हणाली. "तुम्हाला सापडलं ना? त्यांनाही सापडेल."